ऑफिसच्या भिंतीवर वारली चित्राचं काम आलंय? फुटाचा दर सांगण्याआधी हे वाचा

डहाणू : फोन नेमका आवणीच्या नाहीतर भातकापणीच्या गडबडीत येतो. "दादा, आमच्या ऑफिसात एक भिंत आहे. वारली पेंटिंग काढायचंय. फुटाला किती घ्याल?" समोरचा माणूस मुंबईचा किंवा ठाण्याचा इंटिरियरवाला असतो आणि त्याला दोन मिनिटांत आकडा हवा असतो. पाड्यावरचा पोरगा काम जाईल या भीतीने सुचेल तो आकडा सांगून मोकळा होतो. भिंत सिमेंटची आहे की बोर्डाची, चित्र भरगच्च हवंय की मोकळं, राहायची सोय कुणी करायची, चित्राचे हक्क कुणाकडे राहणार, यातलं काहीच विचारलेलं नसतं. काम संपवून घरी आल्यावर खिशात राहिलेले पैसे मोजले की कळतं, यापेक्षा वीटभट्टीवर बरं होतं.

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाड्यात हात चांगला असलेली पोरं-पोरी भरपूर आहेत, आणि ऑफिसच्या भिंती रंगवण्याचं काम वाढतंय. म्हणून या कामाची आतली माहिती एकदा नीट समजून घेतलेली बरी.

ऑफिसवाल्यांना चित्र कशाला लागतं?

कामाच्या जागी भिंतभर चित्र ही गोष्ट नवी नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एफ. हुसेन यांचं 45 फूट लांब आणि 9 फूट उंच चित्र साठच्या दशकापासून आहे. होमी भाभांना चित्रांची आवड होती, त्यांच्या काळातलं ते काम. तेव्हा असलं चित्र मोठ्या संस्थांनाच परवडायचं. आता पंधरा-वीस माणसांच्या कंपनीलाही रिसेप्शनमागची भिंत कोरी नको असते. आलेल्या पाहुण्याच्या नजरेत काहीतरी भरावं, मीटिंगच्या खोलीत कोंदट वाटू नये, आणि आम्ही महाराष्ट्रातले आहोत हे न बोलता कळावं, एवढाच हिशोब असतो.

वारली चित्र त्यांना सोयीचं पडतं. दोनच रंग, त्यामुळे फर्निचरशी भांडत नाही. लांबून नक्षी दिसते, जवळ गेलं की माणसं, बैल, झाडं, मुंग्या दिसायला लागतात. चहा घेऊन उभा राहिलेला माणूस दहा मिनिटं बघत बसतो. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांत सगळं बसतं, म्हणून भिंत केवढीही असो, चित्र तिच्यावर मावतं.

कुडाच्या भिंतीवरून पुट्टीच्या भिंतीवर

आपल्याकडे हे चित्र कारवीच्या कुडावर, शेणमाती आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर काढलं जायचं. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, थोडा डिंक घालायचा, बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करायचा. लग्नात सवासिनी चौक लिहितात. काढतात नाही म्हणत, लिहितात म्हणतात. चौकाच्या आत पालघट देवी असते. हे काम बायकांचं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी इकडे आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाबिग्नाशिवाय रोज चित्र काढायला सुरुवात केली, मासे पकडण्याचं जाळं, शेत, गोष्टी, सगळं काढलं. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांच्यामागून पुरुष चित्रकारांची रांग तयार झाली. आता तेच चित्र कागदावरून पुन्हा भिंतीवर चाललंय, फक्त भिंत एसीतली आहे.

त्या भिंतीवर तांदळाचं पीठ चालत नाही. झाडूवाला ओल्या फडक्याने पुसतो, पीठ निघून जातं, उरलेलं किडे खातात. तिथे अॅक्रेलिकच लागतं. मागच्या रंगाला गेरूच्या छटेचं पाण्यातलं इमल्शन, वर पांढरा अॅक्रेलिक. काही जण बांबूची काडीच वापरतात, काही बारीक ब्रश. काडीची रेघ थोडी थरथरती, जिवंत येते, पण पुट्टीच्या गुळगुळीत भिंतीवर काडीतून रंग ओघळतो. दोन्ही जवळ ठेवावं.

आधी भिंत तपासा, चित्र नंतर

चित्र खराब होतं ते बहुतेक वेळा चित्रकारामुळे नाही, भिंतीमुळे. पण फोन चित्रकारालाच येतो, "दादा, तुमचा रंग सुटायला लागला." म्हणून पहिल्या दिवशी डबा उघडायचाच नाही.

भिंतीला ओल आहे का ते बघायचं. सोपी पद्धत आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवायचा आणि एक दिवस-रात्र ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला पाणी किंवा दमटपणा दिसला तर ती भिंत रंगवायची नाही. मागे बाथरूम असेल, बाहेरून पावसाचा मारा असेल, तर हमखास ओल निघते. ओल्या भिंतीतून मिठासारखी पांढरी भुकटी बाहेर येते आणि रंगाला पापडासारखं उचलते. वरून कितीही भारी वॉर्निश मारा, ते थांबत नाही.

नवीन प्लास्टर असेल तर ते किती दिवसांचं आहे ते विचारायचं. सिमेंट ताजं असताना त्यातला चुनखार रंगाला खातो. पाणी मारून झाल्यावर प्लास्टर महिनाभर तरी सुकू द्यावं लागतं. ऑफिसवाल्यांना उद्घाटनाची घाई असते, ते म्हणतात चालेल. चालत नाही.

जुन्या भिंतीवर तळहात घासून बघायचा. हाताला पांढरी पूड लागली तर खाली डिस्टेंपर आहे, ते खरवडल्याशिवाय वरचा रंग धरणार नाही. खरवडणं, पुट्टी, प्रायमर ही कामं कुणाची, हे आधीच बोलून घ्यायचं. हे पेंटरचं काम आहे. चित्रकाराने ते त्याच दरात अंगावर घेतलं की दोन दिवस फुकट गेले.

आजकाल ऑफिसात निम्म्या भिंती सिमेंटच्या नसतातच. जिप्सम बोर्ड, प्लाय, काच असं काहीही असतं. बोर्डाच्या सांध्यावर नंतर चीर पडते, ती चित्राच्या मधोमध येणार असेल तर आराखड्यातच तिथे झाडाचं खोड नाहीतर नदीचा काठ आणायचा, चीर झाकली जाते. काचेवर साधा रंग नखाने निघतो, तिथे काचेचा वेगळा प्रायमर लागतो.

हे सगळं झालं की गेरू रंगाचे दोन हात, पूर्ण सुकणं, मग सुतळीला खडू लावून आडव्या-उभ्या रेषांचा फटका. त्यावर खडूनेच मोठी रचना. तारप्याचा फेर मोठा असेल तर तो सुतळी आणि खिळ्याने गोल करून घ्यायचा, नाहीतर फेर एका बाजूला कलतो आणि ते शेवटी दिसतं. चित्र पूर्ण सुकल्यावर पाण्यातलं मॅट वॉर्निश. चकचकीत वॉर्निश नको, ऑफिसच्या दिव्यांची तिरीप पडते आणि चित्राऐवजी ट्यूबलाइट दिसते.

भिंतीचा फोटो नको, माप हवं

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत भिंत कोरी दिसते. तुम्ही तिथे पोचता तेव्हा मधोमध स्विचबोर्ड, वर एसीचा डक्ट, कोपऱ्यात आग विझवायचा लाल सिलिंडर आणि पुढे सोफा येणार असतो. सोफा आला की खालचे तीन फूट गेले. तिथे बारीक काम केलं तर कुणाला दिसत नाही, शिवाय खुर्च्या घासून आधी तेच खराब होतं. म्हणून खाली डोंगर, शेताच्या मोठ्या रेघा, भाताची रोपं असं मोठं काम ठेवायचं, आणि बारीक काम उभ्या माणसाच्या नजरेसमोर. लांबी, उंची, दारं, बोर्ड, सामान कुठे येणार, हे कागदावर मागून घ्यायचं. त्याच मापावर पेन्सिलचा कच्चा आराखडा द्यायचा आणि तो पास करून घ्यायचा. त्यावर समोरच्याचा "ओके" मेसेज ठेवायचा. नंतर कुणी साहेब येऊन म्हणतो की इथे घोडा हवा होता, तेव्हा तो मेसेज उपयोगी पडतो.

व्हिडिओ मीटिंगच्या खुर्चीमागची भिंत असेल तर चित्र मोकळंच ठेवावं. भरगच्च नक्षी कॅमेऱ्यात नुसती वळवळते.

फुटाच्या दराचं गणित

आता मुद्द्याचं. फुटावर दर सांगायचा की पूर्ण कामाचा? इंटिरियरवाल्याला फुटाचा दर आवडतो, कारण त्याचं टाइल्सपासून पडद्यापर्यंत सगळं फुटावर चालतं. पण टाइलला वेळ ठरलेला असतो, चित्राला नसतो. एकाच मापाच्या दोन भिंती, एकीवर एक मोठा तारप्याचा फेर आणि दुसरीवर अख्खं लग्न, वरात आणि जंगल, यात दुपटीचा फरक पडतो.

हिशोबापुरते आकडे धरू. खरा दर ज्याचा त्याने ठरवावा. भिंत 12 फूट बाय 9 फूट, म्हणजे 108 चौरस फूट. 150 रुपये फूट सांगितले तर 16,200 रुपये. ऐकायला बरे वाटतात. दोघे जण गेले, जाण्यायेण्यासह 6 दिवस लागले. खाण्याचे दिवसाला माणशी 300 धरले तर 3,600. रंग, ब्रश, वॉर्निश 2,400. प्रवास 600. खर्च झाला 6,600. उरले 9,600. दोघांचे मिळून 12 दिवस, म्हणजे दिवसाला 800 रुपये.

आता तीच भिंत, तोच दर, पण चित्र भरगच्च मागितलं आणि 9 दिवस लागले. खाण्याचे 5,400, रंग आणि प्रवास तेवढाच धरला तरी खर्च 8,400. उरले 7,800. त्याला 18 दिवसांनी भागा, दिवसाला 433 रुपये येतात. यात राहण्याचा खर्च धरलेलाच नाही. मुंबईत दोन माणसांची झोपायची सोय स्वतः करायची असेल तर हातात काय उरणार ते सांगायला नको.

म्हणून आधी दिवस मोजायचे, मग त्यात साहित्य, प्रवास, राहणं-खाणं मिळवायचं, आणि सगळ्यात शेवटी त्याला भिंतीच्या फुटांनी भागून दर सांगायचा. समोरच्याला फुटाचा दर मिळतो आणि आपला हिशोब आपल्याकडे राहतो. निम्मे पैसे काम सुरू व्हायच्या आधी, राहिलेले चित्र पूर्ण झाल्या दिवशी. कंपनी बिलातून टीडीएस कापते, म्हणून पॅन कार्डाचा नंबर द्यावा लागतो, आणि कापलेली रक्कम विवरण भरलं तर परत मिळू शकते. बरेच जण ती सोडून देतात.

आणखी एक मार्ग आहे, तो शेती करणाऱ्याला जास्त सोयीचा. ऑफिस बहुतेक भाड्याचं असतं. जागा सोडताना भिंतीवरचं चित्र तिथेच राहतं आणि नवा भाडेकरू त्यावर पांढरा रंग मारतो. त्यापेक्षा कॅनव्हासवर किंवा प्लायच्या फळ्यांवर तुकड्यातुकड्याने चित्र करून नेऊन बसवायचं. कंपनीला ते पुढच्या ऑफिसात नेता येतं. आपल्याला ते घरच्या ओटीवर, आवणी उरकल्यावर, गुरं सांभाळत करता येतं. राहण्याचा खर्च वाचतो. घरातल्या बाईलाही हात लावता येतो.

हा शेवटचा मुद्दा छोटा नाही. चौक लिहिणाऱ्या मूळच्या बायका. पण आठ-आठ दिवस मुंबईत राहायचं म्हटलं की काम पुरुषांकडे जातं आणि बायका मागे राहतात. ज्यांच्या हातात ही विद्या पिढ्यान् पिढ्या होती त्यांच्या नावावर ऑफिसच्या भिंती फार कमी आहेत.

कागदावर काय लिहून घ्यायचं

इथे बहुतेकांची समजूत चुकीची असते. चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझा, असं वाटतं. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 17 वेगळं सांगतं. कुणी पैसे देऊन, सांगून चित्र काढून घेतलं, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. म्हणजे तुम्ही रिसेप्शनसाठी केलेलं चित्र कंपनीने डायरीवर, कॅलेंडरवर, टी-शर्टवर छापलं, तर कागद नसताना तुम्हाला बोलायला जागा राहत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. कामाच्या पत्रात लिहायचं: "चित्र या भिंतीपुरतं आहे, कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, इतरत्र छापायचं असल्यास वेगळी परवानगी आणि वेगळा मोबदला." दोघांच्या सह्या. हक्क विकायचेच असतील तर किती वर्षांसाठी आणि कुठे वापरणार तेही लिहायचं. काळ लिहिला नाही तर कायदा 5 वर्षं धरतो.

एक हक्क मात्र विकला तरी जात नाही. कलम 57 प्रमाणे चित्रावर आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो. याचा देशातला सगळ्यात मोठा खटला सरकारी इमारतीतल्या भिंतीवरूनच झाला. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी सुमारे 140 फूट लांबीचं ब्राँझचं भित्तिशिल्प केलं होतं. 1979 मध्ये इमारतीची दुरुस्ती निघाली, शिल्प काढलं गेलं आणि गोदामात पडलं, काही भाग तुटले. सहगल कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये निकाल दिला की शिल्प सरकारने विकत घेतलेलं असलं तरी त्याची अशी हेळसांड करता येत नाही. उरलेलं शिल्प त्यांना परत द्या आणि 5 लाख रुपये भरपाई द्या. हा निकाल यायला किती वर्षं गेली तेही बघा. कोर्टात जाण्यापेक्षा आधीचा एक कागद स्वस्त पडतो.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण त्याचा गैरसमज नको. मानांकन नावाला असतं, एकट्या चित्राला नाही. वारली म्हणून काय विकायचं यावर त्याचा अंकुश असतो, आणि त्याचा फायदा घ्यायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ही नोंद असेल तर कंपनीला पत्रात तसं लिहून द्या. इंटरनेटवरून नक्षी उतरवून व्हिनाइलवर छापून चिकटवणारे शहरात भरपूर आहेत आणि ते स्वस्तही पडतात. त्यांच्यासमोर "हे हाताने काढलेलं, वारली चित्रकाराने काढलेलं" एवढं सांगता आलं पाहिजे.

कुठल्या भिंतीवर काय नको

ऑफिसवाले इंटरनेटवरचा फोटो पाठवतात, त्यात कधी कधी लग्नचौक असतो. त्यांना ती चौकोनी सुंदर नक्षी वाटते. आपल्याला माहीत आहे की ती देवीची जागा आहे. तो चौक लिफ्टसमोर, कचऱ्याच्या डब्याशेजारी नाहीतर टॉयलेटच्या बोळात काढायचा का? काही चित्रकार सरळ नाही म्हणतात. काही नक्षी ठेवतात आणि आत देवीऐवजी झाड काढतात. जाणत्या बायकांना विचारलं तर त्यांचं उत्तर सहसा स्पष्ट असतं. नाही म्हटल्याने काम जात नाही, बहुतेक ठिकाणी समोरच्याला ठाऊकच नसतं. समजावून सांगितलं की तोच म्हणतो, मग तारपा काढा.

निळ्या, हिरव्या पार्श्वभूमीची मागणी येते, कंपनीच्या रंगाप्रमाणे. लॅपटॉपवाली माणसं, मेट्रो, इमारती काढा म्हणतात. त्यात गैर काही नाही. आपले जुने चित्रकार आगगाडी आणि विमानही काढत आले. नजरेला पडलं ते चित्रात आलं.

आपल्याच गावची ऑफिसं

मुंबईकडे बघताना गावातली भिंत विसरायला नको. ग्रामपंचायत कार्यालय, आरोग्य उपकेंद्र, सोसायटीचं ऑफिस, शाळेची हेडसरांची खोली, या सगळ्या ठिकाणी आत शिरलं की फिकट पिवळा डिस्टेंपर आणि त्यावर योजनांचे फ्लेक्स. चित्र काढायचं ठरलं तरी काम तालुक्याच्या साइनबोर्डवाल्याकडे जातं आणि तो फ्लेक्सवरच वारली छापून आणतो. ज्या गावात चौक लिहिणाऱ्या बायका आहेत त्या गावात छापील वारली!

ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. भिंत रंगवायचा खर्च आराखड्यात धरलेला असेल तर काम गावातल्या चित्रकारांना द्या, दरपत्रक मागवा, असं लेखी सुचवायचं. चित्रकारानेही दरपत्रक वर सांगितल्याप्रमाणे दिवस मोजून द्यावं. फक्त सरकारी बिलाला वेळ लागतो हे धरून चालायचं, रंगाचे पैसे आधी मागायचे.

भिंत गावातली असो की अंधेरीतली, काम झाल्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात नाव, पाडा, तालुका आणि साल घालायचं. इंटिरियरवाला म्हणतो, "दादा, नाव नको, डिझाइन बिघडतं." बोटभर जागेने डिझाइन बिघडत नाही. तिथे मोबाइल नंबरही बसतो, आणि पुढचा फोन बहुतेक त्या कोपऱ्यातूनच येतो.